खिनेसच्या टँकरमध्ये बसण्याआधी

मी, गिलेम काबानेल, वय बावीस, अविवाहित, धंदा द्राक्षमळा, राहणार सेंत-ओबेर, दक्षिण फ्रान्स, हा कागद स्वतःच्या हाताने, शाईने आणि भर दुपारी लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. प्यायलेलो नाही, तळघरात वाइनची तीन पिंपं भरलेली असताना हे वेगळं नोंदवावं लागतं. राग आलेला आहे, पण रागावलेल्या माणसाचं मृत्युपत्र रद्दबातल ठरतं असं कायद्यात कुठेही नाही. लॉ कॉलेजात दीड वर्ष काढलं, तेवढं तरी कळतं. वारसा कायद्याच्या पेपराच्या दिवशी मी हमरस्त्यावर टायर जाळत होतो, त्यामुळे पुढे काही चुकलं असल्यास नोटरीसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

आजच लिहिण्याचं कारण असं. काल माद्रिदला सह्या झाल्या. नव्या वर्षापासून स्पेन युरोपच्या बाजारात आमच्या पंगतीला बसणार, म्हणजे तिकडची स्वस्त वाइन बिनअडथळा इकडे येणार. आणि उद्या सकाळी खिनेस पारेदेस, राहणार मुर्सिया, हा स्पॅनिश ड्रायव्हर वाइनचा टँकर घेऊन आमच्या गावच्या पुलावरून जाणार आहे. माझे सख्खे काका युर्बें काबानेल द्राक्षवाल्यांच्या समितीचे म्होरके आहेत. ते त्याला अडवणार. आणि मी खिनेसच्या शेजारच्या सीटवर बसलेलो असणार. काकांनी हे ऐकून काल चौकात सगळ्यांदेखत सांगितलं, "त्या गाडीत जो बसेल तो स्पॅनिश. मग तो माझ्या भावाचा पोरगा का असेना, छर्रे नाही, गोळी घालीन." काका बोलतात ते करतात.

कलम एक. राहत्या घरातला वडिलांकडून आलेला माझा अर्धा हिस्सा आईला. चौथाई तर तिला कायद्यानेच मिळते, बाकीचं मी देतो. आई, मी गेल्यावर काका दारात रडत येतील. खरंच रडतील. आत घेऊ नकोस.

कलम दोन. नदीकाठचा मळा, वेलींसकट, एन्कार्ना पारेदेस हिला, म्हणजे खिनेसच्या धाकट्या बहिणीला. तिचे आईवडील वीस वर्षं दर सप्टेंबरात द्राक्षं तोडायला आमच्याकडे यायचे. ती दोघं भावंडं आमच्याच कोठारात झोपायची. खिनेसने मला पोहायला शिकवलं. एन्कार्नावर माझं प्रेम आहे हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा कागदावर लाजण्यात अर्थ नाही. तिने लग्नाला होकार दिलेला नाही. मळा घेतला म्हणजे होकार दिला असं कोणीही समजू नये. तिला तो उपटून जर्दाळू लावायचे असतील तर लावावेत.

कलम तीन. कुदळीचा दांडा. हा कोणालाही देत नाही, जाळावा. त्याची हकीकत लिहून ठेवणं भाग आहे, कारण समितीत ती वेगळीच सांगितली जाते.

टँकर अडवायची आमची एक रीत आहे. ड्रायव्हरला खाली उतरवायचं, डोक्यावरून त्याचंच जाकीट ओढायचं, खड्ड्याच्या कडेला बसवायचं, हातात सिगरेट द्यायची. त्याला हात लावायचा नाही. आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की हात कचरतो, असं काका शिकवतात. मग सगळ्यात तरुण माणसाने मागचा व्हॉल्व्ह उघडायचा.

मे महिन्याच्या तीन तारखेला तो तरुण माणूस मी होतो. व्हॉल्व्ह उघडला, लाल धार माझ्या छातीवर आदळली. तेवढ्यात ड्रायव्हर जाकीट तसंच डोक्यावर घेऊन आंधळ्यासारखा धावत आला आणि व्हॉल्व्हच्या चाकाला लटकला. "हाण!" काका ओरडले. मी कुदळीच्या दांड्याने हाणलं. एक डोक्यावर, एक हातावर. दुसऱ्या घावाला बोटं चाकात चेचली गेल्याचा आवाज मी ऐकला. तो पडला, जाकीट सरकलं. वाइनमध्ये रक्त दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. खिनेस होता.

आणि माल फ्रान्ससाठी नव्हताच. जर्मनीला चालला होता. कागद वाचायला कोणाला वेळ होता?

एन्कार्ना दवाखान्याच्या जिन्यात भेटली. हातात भावाचं तोंड पुसायचं पत्र्याचं भांडं होतं.

"डोक्याला नऊ टाके. दोन बोटं काढली," ती म्हणाली. "कोणी मारलं, ठाऊक आहे तुला?"

"मी."

तिने ते भांडं माझ्या तोंडावर घातलं. वरचा दात तिथेच पायरीवर पडला.

"वीस वर्षं तुमच्या मळ्यात वाकून माझ्या आईची कंबर गेली. तेव्हा आम्ही कोण होतो रे? तेव्हा नाही आम्ही परके झालो?"

मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ती बोलली. "माफी मागू नकोस, कंटाळा येतो. दादा परत त्याच रस्त्याने जाणार म्हणतोय, डोकं फिरलंय त्याचं. त्याच्या शेजारी बस."

"आणि मग?"

"मगचं मग. आधी पूल ओलांड."

खिनेसला विचारलं तर हसला. "बस की. तुझ्या बाजूचं दार नीट ओढून घे, ते आपोआप उघडतं. आणि ऐक, मध्येच पळालास तर मी तुला उरलेल्या आठ बोटांनी मारीन."

कलम चार. तळघराचं लाकडी दार, त्यावरच्या चारांपैकी उरलेल्या तीन फोटोंसह, युर्बें काकांना. आजोबांनी या दारावर एकेका राष्ट्राध्यक्षाचा फोटो लावला आणि प्रत्येकावर बंदूक चालवली. पहिले जनरलसाहेब, त्यांच्यावर एकच गोळी, तीही कानाजवळून, कारण त्यांनी ब्रसेल्सला युरोपच्या बाजाराच्या बैठकीतली फ्रान्सची खुर्ची सहा-सात महिने रिकामी ठेवली होती. आजोबा म्हणायचे, "शेतकऱ्यासाठी ठेवली खरी, पण गव्हाच्या, द्राक्षाच्या नाही." दुसऱ्याने इंग्रजांना आत घेतलं, आणि त्याच्याच काळात इटलीची वाइन धो धो आली, त्याचं नाक राहिलेलं नाही. तिसरा स्पेनला आत घ्या म्हणत होता, आणि निवडणूक जवळ आली तसा आम्हा शेतकऱ्यांसमोर म्हणाला, थांबा, आधी आहेत त्यांचं नीट होऊ द्या. त्याचे डोळे आजोबांनी फोडले, आणि त्याच वर्षी ते वारले. चौथ्याचा फोटो काकांनी लावला, त्याला आम्ही मतं दिली होती. त्याच्या राज्यात काल सह्या झाल्या. त्याच्यावर काकांनी कालच दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या. फोटोही उरला नाही, दाराला भोक पडलं.

काका, मीही या दारावर नेम धरायला शिकलो. पण चौघांनी चार तऱ्हा केल्या, एकाने दार आपटलं, एकाने उघडलं, एकाने फटीतून बोलणं केलं, एकाने बिजागरीच काढली, आणि दर वेळी तुम्ही मारलंत कोणाला? ज्याला कोणी विचारलंच नव्हतं अशा ड्रायव्हरला. पॅरिस लांब पडतं, ब्रसेल्स त्याहून लांब. पूल मात्र घराजवळ आहे. मलाही ते सोयीचं वाटलं होतं. दार तुमचं. लावून घ्या.

कलम पाच. माझी बंदूक काकांना मिळू नये. त्यांच्याकडे एक आहे, उद्यापुरती ती पुष्कळ. माझ्या बंदुकीचे तुकडे करून नदीत टाकावेत.

पुस्तकं कोणीही न्यावीत. पानं फाडलेली नाहीत, कारण बरीचशी उघडलेलीच नाहीत.

कलम सहा, आणि हे बाकी सगळ्यांच्या वर. मी मेलो तर समितीने माझी मिरवणूक काढू नये. आमची माणसं मला माहीत आहेत. संध्याकाळच्या आत चौकात माझा फोटो लागेल, खाली लिहिलेलं असेल 'ब्रसेल्सचा बळी'. आठवड्याभरात माझ्या नावाने पुढचा टँकर फोडतील आणि आणखी कोणाचीतरी बोटं चेचतील. हे मी स्पष्ट शब्दांत नाकारतो. थडग्यावर नाव आणि दोन तारखा. कोणी मारलं हे लिहायचंच असेल तर युर्बें काबानेल असं पूर्ण नाव लिहा. ते लिहायला हात धजत नसेल तर काहीही लिहू नका.

आणि खिनेस, मला गोळी लागली तरी गाडी थांबवायची नाही. थांबली की ते व्हॉल्व्ह उघडतात. मी जसा असेन तसा मला पुलाच्या पलीकडे उतरव. पलीकडे, अलीकडे नाही. हे एन्कार्नाने स्वतः बघावं.

अशा कागदाला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावून समोर सही करत आहे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की पोराला स्पॅनिशांनी लिहायला लावलं.

गिलेम काबानेल
सेंत-ओबेर, गुरुवार, १३ जून १९८५

साक्षीदार: सिडोनी बुस्के, टपालवाली. सही माझ्यासमोर झाली. पोराला दोनदा सांगितलं, घरी बस. ऐकत नाही.

साक्षीदार: फुल्क्रां आझेमा, न्हावी. सही माझ्यासमोर झाली. मी समितीचा माणूस आहे आणि उद्या पुलावर युर्बेंच्या उजव्या हाताला उभा असेन. हा कागद वाचला आहे. त्याच्या बंदुकीची नळी हाताने वर ढकलता येईल इतका जवळ उभा राहीन.