उसनी खोली

मोरिवली, अंबरनाथ
एप्रिल १९५४

प्रिय मालू,

नेहमीचे ‘चिरंजीव’ न लिहिता आज ‘प्रिय’ लिहिले आहे. पुढचा मजकूर वडीलकीच्या आवाजात लिहिता येईना, म्हणून. तुझ्या आईला हे पत्र दाखवलेले नाही.

वसतिगृहातली तुझी जागा जूनपासून दुसऱ्या मुलीला देण्याचे घाटत आहे, असे तुमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाचे कार्ड गेल्या आठवड्यात आले. तुलाही तिथल्या बाईंनी सांगितले असेल. बी.ए.चे शेवटचे वर्ष, आणि पुन्हा इथून रोजची ये-जा. पहिल्या वर्षी तसे करून तू दिवाळीत तापाने अंथरूण धरलेस, ते मी विसरलेलो नाही. असे का झाले, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे.

वसतिगृह चालवणाऱ्या मंडळाने यंदापासून मुलींच्या घरी जाऊन यायची पद्धत सुरू केली आहे, आणि श्यामकांत कर्णिक नावाचे एक माजी विद्यार्थी रविवारी आपले घर पाहायला येतील, असे तू कळवले होतेस. ते पत्र मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. वाचून होताच तुझा हिंदुराव काका म्हणाला, “दादा, पोरीच्या बापाचं घर पाहायला कोण येतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? आणि कर्णिक म्हणजे आपल्यातले नव्हेत. पोरीनं तिकडेच जमवलंय.” तुझी आई त्याच्यावर कडाडली, “जरा देवाला भिऊन बोला भावजी!” पण तासाभरातच ती मला विचारू लागली, की खुर्च्या कुठून आणायच्या.

मालू, तू मला हसशील. पण माझ्याकडे बघ. मी शिकलो बदलापूरपलीकडच्या गावात, देवळाच्या पडवीतल्या शाळेत. सातवीची फायनल झालो त्या दिवशी शाळेचा आणि माझा संबंध संपला. पुढे त्या शाळेत मी एकदाच गेलो, तोही तिची कौले शाकारायला, मजुरीवर. आणि इथे एक मिळवता माणूस, कॉलेज सोडून दहा-बारा वर्षे झालेला, आपला रविवार खर्ची घालून उन्हातान्हातून मोरिवलीला येणार. कशासाठी, तर कुणा अनोळखी माणसाची मुलगी अभ्यासाला कुठे बसते ते पाहायला! माझा विश्वास बसला नाही. मी तुझी जुनी पत्रे काढून पुन्हा वाचली. हल्ली तू ‘आम्ही वाचनालयात गेलो’, ‘आम्ही चौपाटीवर गेलो’ असे लिहितेस. हे आम्ही म्हणजे कोण? होळीला तू घरी आली नाहीस. मार्चपासून तुझी शाई हिरवी झाली आहे. ती दौत कुणी दिली? देवाचे नाव घेत बसलो तरी डोळ्यांपुढे ती हिरवी अक्षरे येत.

शेजारचा महिपती बायकोला बाळंतपणासाठी वांगणीला सोडायला गेला होता. त्याच्या खोलीची किल्ली आपल्याकडेच होती. आईने ती खोली सारवून काढली आणि ती तुझी स्वतःची खोली झाली. उल्हासनगरचा लछमनदास, ज्याच्याकडून मी कारखान्यासाठी खोकी घेतो, त्याने टेबल आणि दोन खुर्च्या हातगाडीवर चढवून दिल्या. “ले जाओ अप्पाभाऊ, बेटी का मामला है, हमको पूछना क्या,” म्हणाला. टेबलावर तू भरलेला मोरांचा रुमाल अंथरला. हिंदुरावाची रात्रपाळी होती. तो दिवसा बाहेरच्या खोलीत झोपतो, म्हणून त्याला हरिचंद्राच्या पिठाच्या गिरणीत झोपायला पाठवले. संध्याकाळी तो पांढराफटक होऊन परत आला तो मला अजून शिव्या देतो आहे.

कर्णिक आले. चाळिशीच्या आतले, साधे धोतर-कोट, हातात छत्री. आईने पोहे पुढे केले. मी त्यांच्या प्रत्येक शब्दाकडे कान देऊन होतो. घरात माणसे किती, विचारले. मी हिंदुरावाला वगळून सांगितले. प्रवासाचा त्रास होतो का, विचारले. तुझी आई पदर सावरून म्हणाली, “छे हो! स्टेशन हाकेच्या अंतरावर. आमची मालू कधी दमत नाही, आजारी म्हणून ठाऊकच नाही तिला.” अभ्यास कुठे करते, विचारले. आईने ऐटीत महिपतीच्या खोलीचे दार उघडले. “ही काय, तिची स्वतंत्र खोली!” कर्णिकांनी टेबल पाहिले, खिडकी पाहिली, मोरांचा रुमाल पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटले, बरे झाले, एवढ्या ऐसपैस घरची मुलगी आपल्या घरी कशी नांदेल असे वाटले असेल त्यांना. जाताना ते म्हणाले, “सगळं उत्तम आहे. मला उगीच काळजी वाटत होती.” हे वाक्यसुद्धा मला दुहेरी अर्थाचे वाटले.

‘मुलीची घरी उत्तम सोय आहे, म्हणून जागा गरजू मुलीला देत आहोत’ असे कार्ड आले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या प्रश्नांना खरी उत्तरे दिली असती तर तुझी जागा राहिली असती, त्या सगळ्या प्रश्नांना आम्ही मुलगी दाखवण्याची उत्तरे दिली होती. तरी मन मानेना. सोमवारी शिवमंदिरात जाऊन आलो, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गिरगावात मंडळाच्या कचेरीत गेलो. दारातल्या शिपायाला आधी बाजूला घेऊन विचारले, कर्णिकसाहेबांचे लग्न झाले आहे का? तो म्हणाला, “दोन पोरं आहेत त्यांना. का, स्थळ आणलंय काय?” मी विचारले, धाकटा भाऊ? “भाऊ नाही. एक बहीण आहे, ती पण नागपूरला दिलीय. आणखी काय पाहिजे, पत्रिका?” मी बाकावर जाऊन बसलो. आत एक पिकल्या केसांचे वकील मुलांना जुनी पुस्तके वाटत होते. एक बाई एका मुलीला दवाखान्याचा पत्ता समजावून देत होत्या. तासभर मी ते सगळे डोळ्यांत तेल घालून पाहिले. यात कोणाला काय मिळते, ते मला शोधून सापडले नाही.

कर्णिकांना मी खोलीची, टेबलाची, हिंदुरावाची, सगळी हकीकत सांगितली. ते चष्मा काढून इतके हसले, की शिपाई आत डोकावला. “पण पोहे तरी तुमचेच होते ना?” म्हणाले. मग मी सरळच विचारले, की तुम्ही हे का करता? ते म्हणाले, “मी नेरळहून यायचो. मलाही मंडळाच्या मुलांच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी विचारपूस केली. आता मी तुमची करतो. यापलीकडे काही नाही हो.” महिनाअखेरीस मंडळाची बैठक आहे. त्याआधी ते पुन्हा येणार आहेत, न कळवता. महिपती बायकोला पोहोचवून परत आला आहे, टेबल लछमनदासकडे गेले आहे, हिंदुराव आपल्या जागी घोरत असतो. घर आता जसे आहे तसे दिसेल.

पण एक गोष्ट राहिली. खुर्च्यांची हातगाडी सगळ्या आळीने पाहिली होती. मालूला दाखवतायत अशी बोलवा झाली, आणि विठ्ठलवाडीचे एक स्थळ खरोखरच सांगून आले आहे. आपल्यातले आहेत, मुलगा रेल्वेत आहे, माणसे बरी आहेत. आई म्हणते, जागा गेली ती देवाच्याच मनात होती, याच उन्हाळ्यात उरकून टाकू. मीही परवापर्यंत तिला नाही म्हटले नव्हते.

हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतले ते आता लिहितो. कचेरीतून निघताना कर्णिकांनी मला विचारले, “मालिनीला स्वतःला काय हवं आहे?” इतके दिवस मी एका वाक्याची धास्ती घेऊन होतो, की हा माणूस कधीतरी म्हणेल, मुलगी पसंत आहे. हा प्रश्न येईल असे वाटले नव्हते. मी म्हणालो, आम्ही सांगू ते ती करील. ते म्हणाले, “ते खरंच. पण मी ते विचारलं नाही.” तू मॅट्रिकला होतीस तेव्हा मी शिवमंदिरात पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात बसायचो आणि तू वर पायऱ्यांवर इंग्रजी घोकत असायचीस. मला त्यातले अक्षर कळत नसे, पण तुझा आवाज थांबला की माझा जप थांबायचा. एवढ्या वर्षांत, पोरी काय वाचतेस, एवढेही मी विचारले नाही. हिरवी शाई कोणाची, यावर मात्र रात्री जागवल्या. तर आता विचारतो. तुला तिथे राहायचे आहे, की घरी यायचे आहे? विठ्ठलवाडीला काय कळवू? आणि ते ‘आम्ही’ कोण, तेही सांगावेसे वाटले तर सांग, नाहीतर राहू दे. तुझे उत्तर आले की मी ते घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवीन, आणि या खेपेला त्याचा अर्थ कोणाला लावू देणार नाही. मलासुद्धा.

वाट पाहणारा, तुझाच
अप्पा