डेक्लनच्या जागरणाचा दुसरा प्रयोग

डेरी,
सोमवार, आईच्या दुपारच्या झोपेची वेळ

ऊनाताई,

तुला फिंटनचा नमस्कार, आणि नेव्हिलभावोजींना त्याहून थोडा जास्त, कारण तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढणाऱ्या माणसाला तेवढा मान द्यायलाच हवा. इकडे आई ठीक आहे. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली, डोळे अधू झालेत, कान मात्र असे तिखट की मी खाली बिस्किटांचा डबा उघडला की वरून विचारते, कितवं? तुझ्या गुडघ्याची चौकशी तिने तीनदा करायला सांगितली आहे, ती या एकात उरकली असं समज. तिकडे अ‍ॅडलेडला उकडत असेल तर उकडू दे बाई, इकडे अकरा दिवसांत ऊन पाहिलेलं नाही.

तर बातमी अशी की आपल्या घरात सिनेमा होऊन गेला. आपल्या गावातल्या दंग्याधोप्यांवर दर दोन वर्षांनी एक सिनेमा निघतो हे तुला माहीत आहेच. प्रत्येकात पाऊस, दगड, चिलखती गाडी आणि दारात उभी राहून रडणारी एक आई असतेच असते. आपले हाल पडद्यावर इतक्यांदा बघून गल्ली आता पक्की तयार झाली आहे. शेजारची फिलोमिना (तीच ती, आता पंचाऐंशीची) गोळीच्या नुसत्या आवाजावरून सांगते की हे चित्रण डब्लिनला केलंय, आपल्या गल्लीत आवाज असा घुमत नाही. या खेपेचा दिग्दर्शकही डब्लिनचाच. नाव कॉर्मॅक, वय पस्तीस, गळ्यात मफलर. डब्लिनच्या माणसाला आपलं दुःख आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे तुला मी काय सांगावं! दिवाणखान्याच्या भिंतीवरचा कागद आईने आपला डेक्लन गेला तेव्हापासून बदललेला नाही, तो बघून त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मला वाटलं भिंतीची ओल लागली.

त्याला हवा होता मयताच्या जागरणाचा प्रसंग. शवपेटी दिवाणखान्यात, दफनाआधीची रात्र जागवायला शेजारीपाजारी जमलेत, आणि इतक्यात इंग्रज सोजीर दार फोडून झडतीला घुसतात. आता आपल्या घरात हे खरोखर घडलं होतं याचा त्याला गंधही नव्हता, तो फक्त भिंतीच्या कागदावर भाळला होता. मी त्याला दारातूनच वाटेला लावणार होतो. (मी बस चालवतो ताई, माणसांना खाली उतरवण्याचा मला बत्तीस वर्षांचा अनुभव आहे.) पण आईने चष्मा लावून त्यांच्या पटकथेतलं ते पान वाचलं आणि विचारलं, "सोजीर किती वेळाने येतात?" तो म्हणाला, चाळीस सेकंदांनी. आई म्हणाली, "चाळीस सेकंदांत आमच्याकडे माणसाचा कोटसुद्धा निघत नाही. घर देते. पण माणसं माझ्या गल्लीतली, आणि आलेला प्रत्येक जण हात मिळवूनच जाईल. कबूल असेल तर बोल." त्याने मान डोलावली. बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण कशाला कबूल झालो ते.

तुला ठाऊक आहे. दोन रात्रींचं जागरण व्हायचं ते डेक्लनचं दोन तासांत आटोपलं. घर रिकामं करून झडती झाली, लोकांना हुसकून लावलं, आणि गल्लीत आणखी भडका नको म्हणून फादरनी सकाळीच दफन उरकायला लावलं. एकोणीस वर्षांचा पावाच्या गाडीवरचा पोरगा, कामावरून घरी येत होता, आणि गोळी कुणाची ते अजून कुणी सांगितलेलं नाही. तू लंडनहून बोटीने आलीस ती दुसऱ्या दिवशी, आणि तुझं ते एक वाक्य, "माझ्यासाठी एक रात्र थांबला नाहीत," ते या घरात अजून आहे. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांत तू दोनदा आलीस, बाबांच्या वेळी आणि मॉली आत्याच्या वेळी, आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट पर्समध्ये. मी दोष देत नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, मला कुणी काही विचारलंच नाही. पण आईला हे जागरण कशाला हवं होतं ते मला तिने अट घातली त्याच क्षणी कळलं, आणि मग मी मुकाट्याने सोफा उचलून परसात नेला.

सिनेमावाल्यांनी चाळीस माणसं बोलावली होती. आली एकशे साठ. आणि रिकाम्या हाताने मयताला जाणारं माणूस आपल्या गावात अजून जन्मायचं आहे, तेव्हा प्रत्येकाच्या हातात ताट. अंडं-कांद्याचे सँडविच, हॅमचे सँडविच, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक केक. वर मिस्साची कार्डं, मेलेल्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना सांगितल्याची, फादरची सही घेऊन आणलेली, आणि त्यावर सिनेमातल्या पोराचं नाव नव्हे, डेक्लनचं. कॉर्मॅकची मदतनीस बाई कपाळाला हात लावून म्हणाली, खाण्याची सोय आम्ही केली आहे. फिलोमिना म्हणाली, "असू दे गं, तुमचं तुम्ही खा."

मग रांग सुरू झाली. आईचं काम करणारी नटी जेमतेम चाळिशीची, बेलफास्टची, गुणी पोरगी. ती पेटीशेजारी बसली होती आणि तिच्या बाजूला आपली खरी आई, कारण आईला तिथून उठवायची कुणाची छाती नव्हती. जो येई तो नटीचा हात हातात घेऊन म्हणे, "वाईट झालं बाई," मग आईचा हात घेऊन तेच म्हणे, मग पेटीपाशी जाऊन प्रेताच्या हातावर हात ठेवी. प्रेताचं काम करणारा, कॉर्कहून आलेला तरणा नट गुदगुल्या होणाऱ्यांपैकी निघाला. एकशे साठ हात म्हणजे थट्टा आहे का? म्हाताऱ्या हेगर्टीने त्याचा टाय नीट करून "किती छान दिसतोय" असं म्हटल्यावर प्रेताला खोकल्याची ढास लागली. कॉर्मॅक सारखा ओरडत होता की माणसं जास्त झाली, वेळ जातोय, आणि मघाच्या ताटात नऊ सँडविच होते ते आता तीनच कसे. ते कसे हे त्याने माझ्याकडे बघून विचारायची काही गरज नव्हती.

नटीला रडायचं होतं. ती रडायला लागली तशी आईने तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, "आत्ता नको बाळा. आत्ता माणसं येतायत, चहाकडे बघावं लागतं. रडू नंतर येतं, सगळे आपापल्या घरी गेले की." ती पोरगी आईकडे बघत राहिली आणि नंतर दिवसभर तिने एक टिपूस काढलं नाही. आणि ताई, रांगेतले लोक गोष्टी सांगायला लागले. त्या वेळी सांगायला कुणाला सवडच मिळाली नव्हती ना. हेगर्टी म्हणाला, डेक्लन चढावर गाडी थांबवून म्हाताऱ्या बायकांना पावांच्या फळ्यांमध्ये बसवून वर न्यायचा, मालकाची सक्त मनाई असताना, आणि हेगर्टीची आई पुढे आठवडाभर पावासारखी घमघमायची. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. हे तिला माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांनी तिला तिच्या पोराची नवी गोष्ट ऐकायला मिळाली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कपबशा विसळत बसलो.

शेवटी सोजीर. आपलं चांगलं दार काढून त्यांनी फुटण्याजोगं बसवलं होतं. पहिल्यांदा दार फुटलं, सोजीर घुसले, आणि खोलीतलं एक माणूस हललं नाही. कॉर्मॅक म्हणाला, घाबरा, किंचाळा. फिलोमिना म्हणाली, "त्या दिवशी कोण किंचाळलं होतं? आम्ही बसून होतो. तुला किंचाळायला हवं असेल तर डब्लिनहून माणसं आण." दुसऱ्यांदा दार फुटलंच नाही. तिसऱ्यांदा प्रेत शिंकलं. चौथ्यांदा सगळं जमलं. दार कोसळलं, पुढचा दांडगा सोजीर बंदूक रोखून आत आला आणि समोर पेटीशेजारी बसलेली म्हातारी दिसली. हा रॉस, आपल्याच गावचा, नदीपलीकडचा, म्हणजे त्यांच्यातला, प्रॉटेस्टंट. पण मयताच्या घरी कसं वागायचं ते नदीच्या दोन्ही बाजूंना सारखंच शिकवतात. त्या बाबाने शिरस्त्राण काढलं, काखेत धरलं, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वाईट झालं हो आजी." मग त्याच्या मागचे दहाही सोजीर शिरस्त्राणं काढून रांगेत उभे राहिले. आईने रॉसचा हात सोडला नाही. म्हणाली, "बस. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." तोवर बाहेरचा उजेड गेला, आणि कॉर्मॅक जिन्यात बसून अंडं-कांद्याचा सँडविच खात होता. त्याने दोन खाल्ले. माणूस तितकासा वाईट नाही.

नेव्हिलभावोजींना सांग, त्यांनी पाठवलेली टोपी मी बसमध्ये घालतो, लोक हसतात, मी घालतो.

तुझा धाकटा,
फिंटन

ता. क. वरचं सगळं तुला पडद्यावर दिसेल या भ्रमात राहू नकोस. काल कॉर्मॅकचं पत्र आलं, जागरणाचा प्रसंग अख्खा कापला. फार संथ वाटतो म्हणे. मी आईला भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या सिनेमात नसेल, नसू दे. माझ्या घरात झालं ना?"

ता. क. २. जुनं दार त्यांनी परत बसवलं, पण उलटं. आता ते बाहेरच्या बाजूला उघडतं आणि रोज टपालवाल्याला लागतं.

ता. क. ३. हे मी मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण आधी लिहिलं असतं तर तू बाकीचं वाचलं नसतंस. सगळे गेल्यावर आईने मला जवळ बसवलं. म्हणाली, "ऊनाला लिही, त्या दिवशी मी फादरचे पाय धरले होते, पोरगी बोटीत आहे, एक रात्र थांबा म्हणून. ते नाही म्हणाले आणि मी गप्प बसले. तिला मी हे कधीच सांगितलं नाही, कारण गप्प बसले ते बसलेच ना." मी म्हटलं, आई, हे तूच तिला सांग. तर म्हणाली, "सांगीन की. पण तिला म्हणावं, आत्ता ये. माझ्या मयताला आली तर सांगू कसं?"