अखाजीच्या आत पोत

अमळनेर,
चैत्र संपत आला

चिरंजीव सुपडू भाऊस,

थोरली बहीण भिकुबाईचा पोटभर आशीर्वाद. तुझ्या बायकोला, पुष्पाबाईला, माझी आठवण सांग, आणि कंबर दुखते म्हणून फरशी पुसायची तिनं सोडू नये, वाकणं बंद झालं की कंबर कायमची रुसते हेही सांग. तुझी साखर कशी आहे? गुडघ्याला तेल लावतोस की नुसतं तेलाच्या बाटलीकडे बघतोस? इकडे सगळं ठीक आहे, आणि जे ठीक नाही ते पुढे येतंच आहे.

हे पत्र माझी नातसून दिपमाला लिहिते आहे. मी आपली अहिराणीत बोलते, ती भुसावळच्या कॉलेजात शिकलेली, त्यामुळे मी 'बठ्ठं' म्हटलं की ती 'सगळं' लिहिते. लिहू दे बापडी. मला अक्षर कळत नसलं तरी पेन किती वेळ चाललं ते दिसतं. मघाशी मी एक शब्द बोलले आणि हिनं दोन ओळी लिहिल्या. (आजी, ते गावाचं नाव आणि महिना होता. — दिपमाला) बरं, असेल.

तर भाऊ, आनंदाची बातमी आधीच सांगते, म्हणजे वाचता वाचता तुला डुलकी लागली तरी मुद्दा चुकायचा नाही. आमच्या घरचं कर्ज फिटलं! फायनान्सवाल्याचं फिटलं, बचत गटाचं फिटलं, कोपऱ्यावरच्या बेबाबाईच्या किराण्याची उधारी फिटली. राहिला फक्त सोनार, आणि त्याच्याकडे गहाण पडलेली दिपमालाची मंगळसूत्राची पोत. ती अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या. — दिपमाला) आत तिच्या गळ्यात आली पाहिजे. लग्नानंतरची तिची पहिली अखाजी आहे रे. पोरगी माहेरी जाणार, गौराई मांडणार, झोक्यावर बसणार. गळा मोकळा दिसला तर पहिला झोका वर जायच्या आत तिची आई विचारेल, आणि आख्ख्या भुसावळात आमच्या घराचं नाव निघेल.

हे कर्ज झालं कसं, तेही ऐक. गेल्या वैशाखात माझ्या नातवाचं, ललितचं लग्न झालं तेव्हा तू आला होतास, जेवलास, आहेर न उघडता घेऊन गेलास, पण पैसा कुठून आला ते विचारलं नाहीस. सगळा हप्त्यांवरचा होता. डीजे, घोडा, आणि ते वर उडणारं कॅमेऱ्याचं यंत्र. त्या यंत्रानं मंडपाचं छत अगदी झकास टिपलंय, नवरा-नवरी छताखाली होते एवढीच काय ती अडचण. मग ललितला बुलेट पाहिजे झाली, कारण जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात जायचं तर रेल्वेत गर्दी असते म्हणे. मग आमच्या अभिमनला वाटलं, नवी सून आली, घरात एसी नको का? (मी नको म्हणाले होते. — दिपमाला) (ही नको म्हणाली होती, पण हळू आवाजात.) दिवाळीत हप्ते थकले, आणि फायनान्सची माणसं अभिमनच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसली. गिऱ्हाइकांना वाटायचं, यांचीच मोटार जळालीय. तेव्हा या पोरीनं कोणी न मागता पोत काढली आणि सासऱ्याच्या हातावर ठेवली. अभिमन माझा मुलगा खरा, पण त्या दिवशी त्याला मान वर करता येईना. मीच म्हणाले, "पोरी, अखाजीच्या आत ही परत तुझ्या गळ्यात घालीन, नाहीतर या घरात मी चहाचा घोट घेणार नाही." (तुला माहीत आहे, माझ्यासाठी याहून मोठी शपथ नाही.)

दुसऱ्या दिवसापासून राज्य माझं. बुलेट विकली, ललितला रेल्वेचा पास काढून दिला. एसी कय्युमभाईनं नेला, तो जुन्या वस्तूंचा धंदा करतो. जाताना भिंतीचं भोक बघून त्याला इतकं वाईट वाटलं, की दुकानातला एक जुना कूलर फुकटात ठेवून गेला. त्या कूलरपुढे झोपलं की धुळ्याच्या बसस्टँडवर झोपल्यासारखं वाटतं, पण वारा येतो. हॉटेलातली शेवभाजी बंद. मोबाइलचा रिचार्ज एकट्या ललितच्या फोनला, बाकीच्यांनी त्याच्याजवळ बसून नेट घ्यायचं. त्यामुळे संध्याकाळी सगळं घर ललितच्या भोवती होळीभोवती बसावं तसं बसतं. कोणी कोणाशी बोलत नाही, पण दिसायला फार छान दिसतं.

खरी लढाई माझी सून रत्ना हिच्याशी होती. रत्ना कष्टाळू, हाताला चव, पण फोनवर बोट फिरवायची सवय वाईट. बोट फिरलं की दारात पार्सल. काकडीचे गोल काप करायचं यंत्र आलं, काप झाले, आणि यंत्र धुवायला तिला काकडी खाण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सवय सुटेना, ललितच्या नेटवर हळूच मागवायची. पैसे दारात द्यायचे असतात. शिमगा झाला त्या आठवड्यात पार्सलवाला आला, रत्ना गिरणीवर गेली होती, घरात मी एकटी. मला वाटलं, ही वेळ देवानंच दिली. मी त्याला म्हणाले, "रत्ना इथं राहत नाही. माहेरी गेली, आता यायची नाही." तो बिचारा पार्सल घेऊन परत गेला आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले, की आत येऊन गुळाचा खडा खाल्ला.

पण तो नुसता गेला असता तर! तो कोपऱ्यावर बेबाबाईकडे थांबला, आणि खरंच बाई निघून गेली का हे त्यानं विचारलं. आमची उधारी बंद झाल्यापासून बेबाबाईला आमच्या घरची खबर मिळेनाशी झाली होती, ती उपाशीच होती म्हण. तिची भाची चाळीसगावला, रत्नाच्या माहेरच्या गल्लीत. दुपारी जेवणं व्हायच्या आत खबर चाळीसगावला पोचली, की रत्ना भांडून माहेरी निघाली. आता भाऊ, तूच विचार कर. माहेरी निघालेली बहीण माहेरी पोचलेलीच नाही! त्यांनी रत्नाला फोन लावला. तिच्या फोनला मीच रिचार्ज बंद केलेला, त्यामुळे फोन लागेना. अभिमनला दुकानाच्या फोनवर लावला, तो मोटारी फिरवून बघत होता, त्याला त्या आवाजात ऐकूच आलं नाही. झालं! दिवस मावळायच्या आत जीपभर माणसं आमच्या दारात. पुढे रत्नाचा थोरला भाऊ प्रेमराज, त्याच्या मागे चुलत, मावस आणि कोण कोण.

"मन्ही बहीण कोठे शे?" प्रेमराज दारातूनच गरजला.

मी म्हणाले, "गिरणीवर शे. बस, पाणी पी." (सकाळी गिरणीची वीज गेली होती, म्हणून रत्ना पुन्हा गेली होती.)

तो बसेना. तेवढ्यात रत्ना आली, डोक्यावर डबा, तोंडभर पीठ. वर्षभरात माहेरचं कोणी आलेलं नव्हतं. भावांना बघून तिला आनंदानं रडू फुटलं, आणि पिठातून पाण्याचे ओघळ असे निघाले की मलाही क्षणभर वाटलं, आपण हिला फार छळलंय. प्रेमराज म्हणाला, "बांध गाठोडं, आत्ताच्या आत्ता." रत्ना म्हणाली, "वेडा का तू? बिबड्याच्या पापडांचं पीठ भिजत घातलंय, ते काय तुझी बायको येऊन लाटेल?" मग कोणी सांगितलं, कुठून कळलं, असं करत करत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "मी खोटं काही बोलले नाही, जरा अगोदर बोलले. अखाजीला ती माहेरी जाणारच आहे."

माहेरची माणसं आली तर त्यांना उपाशी कसं पाठवायचं? रत्नानं माझ्याकडे असं बघितलं, की राज्य त्या रात्रीपुरतं तिच्या हाती गेलं. भरीत-पुरीचा बेत ठरला. वांग्यांचा मोसम संपलेला, त्यामुळे दर चढे. गच्चीवर तुरकाट्यांचा जाळ केला, टोपलीभर वांगी भाजली, आणि भरिताला तेल किती लागतं ते तुला मी सांगायला नको, तू तर वरून आणखी मागतोस. एसीच्या पैशातला चांगला एक घास त्या एका जेवणात गेला. मला भरीत गोड लागेना. (आजींनी दोनदा घेतलं. — दिपमाला) पण भाऊ, जाताना प्रेमराजनं भिंतीचं भोक बघितलं. चार दिवसांनी त्याच्या शेतातलं दादर ज्वारीचं पोतं आमच्या ओसरीवर येऊन पडलं, सोबत हरभरा. म्हणजे एका परत पाठवलेल्या पार्सलात आमची वर्षाची भाकरी सुटली! मी इतकी हरखले, की म्हटलं, आता बाकीच्या नातेवाइकांच्या गावीही अशीच एकेक खबर पाठवावी.

ती न पाठवताच गेली. बेबाबाईचा हात भुसावळपर्यंत पोचतो. दिपमालाची आई सुंदरबाई हिला कळलं, की लेकीची सासू घरातून नाहीशी झाली. सासूचं हे झालं तर सुनेचं काय, म्हणून ती मिळेल त्या गाडीनं निघाली. इकडे दिपमालाचा गळा मोकळा! जत्रेतली एक खोटी पोत होती, ती घामानं हिरवी पडलेली. मी पटकन हळद कालवली आणि पोरीच्या गळ्याला कानापासून कानापर्यंत थापली. सुंदरबाई आली तशी म्हणाले, "घामोळ्या हो, अंग जळतंय नुसतं. पोत काढून ठेवलीय डब्यात."

"आणा डबा, मी घालते तोवर," सुंदरबाई म्हणाली. फार व्यवहारी बाई.

"डब्याची किल्ली अभिमनच्या करदोड्याला, आणि तो गेलाय धुळ्याला, सुपडूमामाकडे." (तिनं कधी विचारलंच तर तो आला होता आणि तू त्याला पोहे खाऊ घातलेस, हे लक्षात ठेव.)

माझं वाक्य संपतंय तोच अभिमन न्हाणीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि म्हणाला, "आई, साबण संपला." मी म्हणाले, "आलास वाटतं रे! एसट्या किती जोरात धावायला लागल्या." सुंदरबाईनं अभिमनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लेकीच्या पिवळ्या गळ्याकडे. चहा प्यायली, निघताना पिशवीतून घामोळ्यांच्या पावडरीचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अखाजीला पोत घालूनच पाठवा, अक्का. तोवर बऱ्या होतील घामोळ्या." कळलं का नाही कळलं, देव जाणे. पण त्या 'अक्का'पेक्षा तिनं शिवी दिली असती तर मला झोप आली असती.

त्या दिवसापासून घर असं कामाला लागलं, की मला ओरडावंसुद्धा लागलं नाही, आणि ओरडल्याशिवाय दिवस जाईना. उन्हाळा आला, शेतातल्या मोटारी जळायला लागल्या, अभिमन रात्रंदिवस तारा गुंडाळतो. लोकांच्या मोटारी जळाव्यात असं मी देवाला म्हणत नाही, पण जळाल्या तर त्या आमच्याच दुकानात याव्यात एवढं म्हणते. रत्नानं बिबडे करून विकले आणि फोन आपणहून ललितकडे देऊन टाकला. गेल्या सोमवारी फायनान्सवाल्यानं कर्ज संपल्याचा कागद दिला. मला वाचता येत नाही, पण मी तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि गल्लीत चार घरी दाखवून आले, बेबाबाईकडे तर दोनदा. भाऊ, पोरं सगळी सुधारली! पोत येणार म्हणजे येणारच.

आता दिपमालाचं बोट दुखतंय म्हणते, म्हणून थांबते. शाई नव्हती, कुंकवात बुडवून अंगठा उठवला आहे.

तुझी अक्का,
भिकुबाई

ता. क. वर 'येणारच' म्हटलं आहे ते खरं, पण सोनाराकडे थोडं कमी पडतंय. घाबरू नकोस, मी उसने मागत नाही, उसनवारी आमच्याकडे बंद आहे. पण अखाजीला बहिणीला लुगडं देणं हा भावाचा रिवाज. गेली कित्येक वर्षं तू विचारायचास आणि मी म्हणायची, "राहू दे रे, आहेत मला." तर ते सगळे 'राहू दे' मी परत घेते. सगळी लुगडी एकदम नकोत, नेसणार कधी? रोख दे. तुझ्या ऑपरेशनचं वर्ष मी सोडून दिलं आहे, आणि किंमत सुती लुगड्याची धर, पैठणीची नाही. व्याज तर मी लावतच नाही.

दुसरा ता. क. हे लिहिताना दिपमाला रडायला लागली आणि म्हणते, नका हो आजी, मी तशीच जाईन माहेरी. तिला मी सांगितलं, तू लिही, मान खाली घालायची पाळी माझी आहे, तुझी नाही.

तिसरा ता. क. पत्र पोस्टात टाकलं तर पैसे पडतात आणि अखाजी उलटून पोचतं. माझ्या वयाला एसटी फुकट, म्हणून मीच घेऊन आले आहे. म्हणजे तू हे वाचतोस तेव्हा मी तुझ्यासमोर खुर्चीवर बसलेली आहे. तोंडानं मागायला गेले तर पुन्हा 'राहू दे' निघेल, म्हणून हा कागद. आता लगेच मान वर करू नकोस, मी खिडकीबाहेर बघते आहे. आत जा, पुष्पाबाईशी बोल. नुसतं पाणी घेऊन बाहेर आलास तर पाणी पिऊन तीनच्या गाडीनं परत जाईन, रागावणार नाही. पाण्याबरोबर पाकीट आणलंस तर जेवून जाईन. वांगी मी पिशवीत आणली आहेत, तेल तेवढं तुझं.