हृषीदादाच्या गाडीच्या पुढच्या कमानी

२९ सप्टेंबर, सोमवार

लिहायचं टाळत होते. परदेशात आल्यावर मिल्डुराच्या मळ्यात संत्री तोडत होते तेव्हा रोज लिहायचे. इथे पॉइंट कुकला हृषीदादाकडे आल्यापासून पानं कोरी. कारण लिहिलं की कबूल करावं लागणार— गाडीच्या पुढच्या चाकांवरच्या कमानी मी बसवते, असं जेवताना मीच बोलून बसलेय! ऑटोमोबाइलचा डिप्लोमा अर्धा सोडलेली मी!

दादा माझा आत्तेभाऊ. दिवसभर कॉम्प्युटर, आणि सहा वर्षं गॅरेजमध्ये ही गाडी. सुट्या भागांचं किट मागवून एकेक नट स्वतः पिळलाय. रस्त्यावर आणायच्या परवान्यासाठी मागच्या वेळी आलेला तपासणीवाला म्हणाला, ‘टायर उघडा दिसतोय, मेट.’ फेल! शुक्रवारी पुन्हा येणार.

डिसेंबरात आत्या, म्हणजे दादाची आई, येतेय. खोल्या सगळ्या वर, आणि तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणून लीनावहिनीला गॅरेजची खोली करायचीय. तिची अट— पास झाली तर गाडी बाहेर कव्हर घालून ठेव. फेल झाली तर गिऱ्हाईक तयार आहे.

दादा हो म्हणाला. मग बराच वेळ भांडी घासत होता. स्वच्छ भांडीसुद्धा.

३० सप्टेंबर, मंगळवार

डावी बसली! उजवीही!! गाडी स्टँडवर उचललेली, चाकं लोंबकळतायत, आणि टायर नि कमानीमध्ये तीन बोटं जागा. अशी गोलाई की बघत राहावं.

मध्ये बाहेर मॅगपायने पोस्टमनच्या हेल्मेटवर झडप घातली. तो पक्ष्याला इंग्लिशमध्ये काय काय बोलला! मी ते बघतच बसले. परत आले तेव्हा वाटलं, काहीतरी करायचं राहिलंय. आठवलं नाही. बोल्ट आवळून टाकले.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी गॅरेजमध्ये गेले तर टूलबॉक्स रिकामा! वहिनीने सगळे पाने, ड्रिल, कानस देवघरासमोर पाटावर मांडलेले. हळदकुंकू, फुलं, सगळं.

‘पूजेतल्या हत्यारांना आज हात लावायचा नाही.’

‘लीना, परवा तपासणी आहे.’

‘मग? देवाला सांग, पुढे ढकल.’

श्रद्धा की डाव? तोंड बघून काही कळत नाही तिचं. आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, दादाने मीटिंगमधून उठून हळूच एक पाना उचलला.

‘दिसतंय मला,’ वहिनी स्वयंपाकघरातूनच.

खीर मात्र झकास होती. दादाने खाल्ली नाही. त्याचीही मीच खाल्ली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

कमानींच्या फायबरच्या भुशाने हात खाजतोय.

पूजेसाठी गाडी स्टँडवरून उतरवली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. दादाने स्टिअरिंग वळवलं, मी मागून ढकललं. लिंबू फुटलं— आणि खर्रर्र!

तेच राहिलं होतं! गाडी आधी चाकांवर उभी करायची, मग कमान मापायची. वजनाने स्प्रिंग दबली आणि माझी तीन बोटं गायब. टायर सरळ कमानीला घासतोय.

दादा वाकून टायर चाचपायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनी आरतीचं ताट घेऊन तशीच उभी. तिने फक्त गप्प बसायचं, की उद्या फेल आणि तिची खोली तयार. गाडी गेलीच होती.

‘आता?’ ती म्हणाली.

मी म्हटलं, भोकं नवीन पाडायची, कमान वर घ्यायची. पण गाडीत दोन माणसांचं वजन हवं. दादा स्टिअरिंग फिरवायला बसेल. शेजारच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवू... पोत्यात तळाला जेमतेम दोन वाट्या!

‘वहिनी, तू बस ना.’

‘मी काय पोतं आहे?’

बसली! सहा वर्षांत पहिल्यांदा. दसऱ्याची पैठणी सावरत.

टायरवर लाकडी पट्टी, पट्टीवर कमान टेकवली, खूण केली, ड्रिल. फिरव दादा— खर्र. पुन्हा. जाड पट्टी घेतली. पुन्हा.

‘उतरू का?’

‘नको नको!’ मी ओरडले.

‘मग नीट कर गं बाई, पाय आखडले माझे.’

शेवटी मला वाटलं जमलं. दादालाही. वहिनी कान देऊन म्हणाली, ‘डावीकडे अजून घासतंय.’ वाकून बघितलं. खरंच! टायरवर बारीक पांढरा भुसा. ती कमान अजून सूतभर वर घेतली. तिने सांगितलं नसतं तर उद्या फेल.

उतरायच्या आधी तिने हात लांब करून स्टिअरिंग जरासं फिरवून बघितलं.

‘एवढं जड?’

‘चालायला लागली की हलकं होतं,’ दादा म्हणाला. आज दिवसभरात त्याचं एवढंच वाक्य.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणीवाला अजून नाही. दाराशी गाडी थांबली म्हणून तिघं धावलो. टॅक्सी. आत्या! दोन बॅगा घेऊन, एकटी, कुणाला न सांगता!

‘मग काय, डिसेंबरपर्यंत भिंतींशी बोलत बसू?’ आत येऊन ती जिना बघतच राहिली. ‘मला ठेवणार कुठे रे?’

दादाने गॅरेजकडे बघितलं.

वहिनीने आत्याची बॅग उचलली. ‘हॉलमध्ये, आई. पलंग खाली आणतो. गॅरेजात आमची गाडी असते.’