तिसरा कोन

एनस्खेडे, गुरुवार, नोव्हेंबर २०१४

अमेरिकन फुटबॉलच्या सरावाला आज आम्ही तिघंच. पुढच्या फळीत पाच लागतात. म्हाताऱ्या कोचने उरलेल्या दोन जागी नारिंगी प्लास्टिकचे कोन ठेवले आणि शिकवत राहिला, कोनांनासुद्धा. तीस वर्षं हेच. बॉल नेणारा सुटला की टाळ्या त्याला, धक्के खाणाऱ्या फळीला कुणी विचारत नाही. मग फळी घडवणाऱ्याला कशाला विचारतील?

मीही संघ सोडतोय, हे आज सांगायचंच होतं. सामान आवरू लागलो, पण जीभ रेटेना. शेवटी तोच म्हणाला, "मंगळवारी तीन ठेवावे लागतील ना?"

मी होकारार्थी मान हलवली. त्याला कसं कळलं? तिसरा कोन त्याने आधीच पुसून पिशवीत वर ठेवला होता.