तीन नंबरच्या खाटेचं नाव

३ जुलै १९३९, सोमवार
कालची पोर, अन् वर मलेच शिकवते. निर्मलाबाई नागपूरची पास नर्स, वय माझ्या पोरीएवढं. म्हणते, शकुंतलाबाई, औषध देण्याआधी पेशंटचं नाव घ्या, त्यानं हो म्हटलं की मगच पाजा. दर वेळी. मी या दवाखान्यात आया झाली तेव्हा ही पाळण्यात होती. मले तोंड पाहूनच दुखणं समजते.
शनिवारी डॉक्टर साहेब ठरवणार, मले औषध पाजायचं काम द्यायचं का फरशीच पुसू द्यायची. काम माझंच आहे.

४ जुलै
तीन नंबरच्या खाटेवर केशोरी गावचा नवा पेशंट. पोट गच्च. नाव विचारलं, तर आमच्या यांचंच. लग्नापासून जे तोंडून काढलं नाही, ते दवाखान्यासाठी काढू? काही अडत नाही. अक्कल वापरीन.

५ जुलै, सकाळ
अक्कल वापरली. त्या नावाच्या माणसाकडे पाहायचीही लाज, म्हणून पदर ओढला, नजर खाली, एरंडेलाचा ग्लास पुढं केला अन् म्हटलं, अहो, ऐकून राहिले का. आवाज आला, हो. पाजलं.

दुपार
हो म्हणणारा चार नंबरचा हिरालाल. त्याची हगवण कालच थांबली होती, आज धानाच्या रोवणीले घरी जाणार होता. आता परसाकडेच राहून राहिला. मी विचारलं, तू काऊन हो म्हटलं? म्हणे, इतक्या गोड आवाजात मले घरी कोणी बोलावत नाही बाई.
चूक त्याची.

६ जुलै
निर्मलाबाई म्हणाली, तो नवरा नाही, पेशंट आहे, नाव घ्या. तिचं लग्न झालं नाही, तिले काय समजते. पण तोड सापडली. उखाण्यात नाव चालते.

८ जुलै, शनिवार
डॉक्टर साहेबांसमोर, तीन नंबरपाशी, खणखणीत:
धानाच्या बांधीत पाणी, बांधावर तूर,
— रावांना पाजते औषध, दुखणं जाईल दूर.
(तिथं घेतलं. इथं लिहीत नाही.)
सारा वॉर्ड हसला. पेशंटची बायको उशाशीच होती, ती तेवढी नाही हसली. म्हणे, माझ्या नवऱ्याचा उखाणा तू कायले घेऊन राहिली व? ग्लास तिनंच हिसकला, तिनंच पाजला.
डॉक्टर साहेबांनी मले पट्ट्या उकळायले बसवलं. म्हणाले, गुरुवारी पुन्हा पाहू, पण उखाणा नको, साधं नाव. जबाबदारीचं काम आहे पट्ट्यांचं. तरी औषधाचं माझंच होतं. अन् या नावाची माणसं इकडं गावोगाव.

रात्री यांना सांगतलं, तुमचं नाव बदला, टिकाराम ठेवा, दुलीचंद ठेवा, मले चालते. हे म्हणाले, मग लग्नही पुन्हा लावू का. अन् कूस बदलली.
हसण्यावारी नेऊ नका म्हटलं. बुधवारपर्यंत जबाब पाहिजे.