भट्टीतून काढलेली माती

प्रिय इत्तो,

बसचा ड्रायव्हर उद्या सकाळी मराकेशला निघतोय, हे पाकीट त्याच्याकडे देतो आहे. संध्याकाळी तो ते तुझ्या हाती पोचवेल; गुरुवारच्या आत, म्हणजे त्या अहवालावर सही करायच्या आत, शेवटपर्यंत वाच. फोन केला असता, पण फोनवर माझी जीभ लुळी पडते. गेल्या रविवारी पडलीच की. तू म्हणालीस, "बाबा, माझी बुरशी तुमच्या जमिनीत तगली नाही, तसंच लिहिलंय मी. गुरुवारी साहेब आणि गाव, दोघांसमोर सही करते. प्रयोग बंद होईल, बहुतेक माझी नोकरीही जाईल. तुमचं वर्ष फुकट घालवलं, मला माफ करा." आणि मी म्हणालो, "असू दे, पोरी." बस्स! त्यानंतर फोन ठेवला आणि तुझ्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी अंगणात गेलो.

बागेची खबर तुला माहीतच आहे. तू दिलेली माती घालून लावलेल्या खजुराच्या फुटव्यांपैकी अकरा वाळून काटक्या झालेत आणि उरलेल्यांचा रंग आजाऱ्याच्या तोंडासारखा आहे. हद्दू गावच्या शेतकरी मंडळाचा प्रमुख आहे, त्याला तर रोज कुंपणाशी येऊन उभं राहायचा नादच लागलाय. "काय रे बस्सू, लेकीची बुरशी खाते तरी काय? खजूर की तुझी अब्रू?" असं विचारतो आणि बाकीचे खिदळतात. पण त्याचंही खोटं नाही. वाळूच्या कडेच्या नव्या जमिनीत गावाला चारशे फुटवे लावायचे आहेत. तुझी माती घ्यायची की नुसतं खताच्या पोत्यांवर भागवायचं, हे तुझ्या गुरुवारच्या सहीवर ठरणार आहे. एकदा का तो कागद झाला, की पुन्हा या खोऱ्यात तुझं कुणी ऐकणार नाही.

मार्चमध्ये तू त्या मातीची दोन पोती घेऊन आलीस तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. स्वयंपाकघरात बसून आईच्या लोकरीचा गुंडा उलगडलास आणि म्हणालीस की फुटव्याच्या मुळाचा हात आखूड असतो, जवळचं अन्न संपलं की तो उपाशी. ही बुरशी मुळाला चिकटते आणि केसाहून बारीक धागे लांबवर पसरते, जिथं मूळ पोचत नाही तिथला स्फुरद आणि पाणी ओढून आणते. बदल्यात झाड तिला साखर देतं. आई म्हणाली, "म्हणजे मोलकरीणच की!" तू म्हणालीस, "नाही गं आई, बरोबरीची भागीदार." मी मान डोलावत होतो. पण खरं सांगू? बुरशी हा शब्द कानावर पडल्यापासून मला बाकी काही ऐकू येत नव्हतं.

बायूदची, खजुराच्या त्या मररोगाची, तुला फक्त गोष्ट ठाऊक आहे, मी तो पाहिलाय. नऊ वर्षांचा होतो. माझ्या बापाच्या बागेत एका झाडाची एकाच बाजूची पानं पांढरी पडली, आणि तीन वर्षांत सत्तर झाडं गेली. ती सुद्धा बुरशीच. मामानं प्रेमानं पाठवलेल्या फुटव्याच्या मुळाशी लागलेल्या ओंजळभर मातीतून आली, असं बाप मरेपर्यंत म्हणत राहिला. तोडलेल्या झाडांच्या जाळाजवळ उभं राहून तो रडला होता आणि मला ते बघवलं नव्हतं. तेव्हापासून आपल्या घरची रीत पडली, बाहेरची माती आगीतून काढल्याशिवाय बागेत यायची नाही. दुसऱ्याचं कुदळ-फावडंही आधी जाळावर धरायचं. तू लहानपणी शाळेतून आलीस की चपला चुलीवर धरायचीस आणि आम्ही हसायचो.

आता तुला अंदाज आलाच असेल. तू दुपारच्या बसनं गेलीस आणि मी अंगणातली भाकरीची भट्टी पेटवली. तुझी माती परातीत घेऊन घाण्याघाण्यानं भाजली, दोन दिवस. आई ओरडली, "अहो, जिवंत आहे म्हणून सांगून गेली ना पोर? मग भाजताय काय?" मी म्हणालो, "जिवंत आहे म्हणूनच भाजतोय. तू गप्प बस." वाटलं, वाईट तेवढं जळेल आणि कामाचं उरेल, म्हणजे तुझंही मन राखलं आणि बागही राखली. थंड झालेली माती एकेका खड्ड्यात इतकी जपून घातली, की तू बघितलं असतंस तर कौतुक केलं असतंस. आई मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. तिनं न भाजलेली मडकंभर माती पिठाच्या डब्यामागे लपवली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीलगत स्वतः दोन फुटवे लावले. पाणी तेच, ऊन तेच, वाळूही बागेतलीच आणून घातली. त्या दोघांना आज तीन-तीन नवी पानं आहेत, हिरवीगार. मला विचारशील तर रोज सकाळी तिकडे न बघता मी अंगण ओलांडतो.

जूनमध्ये मी तुला सहज विचारल्यासारखं केलं होतं, ती माती तापली तर काय होतं? तू म्हणालीस, "मरतं सगळं, बाबा. का हो?" मी म्हणालो, "उगाच." त्या दिवशी मला कळलं होतं, इत्तो. चूक म्हणायची ती फक्त जूनपर्यंतची. त्यानंतर सप्टेंबरच्या बैठकीत हद्दूनं सगळ्यांसमोर विचारलं, बोल बस्सू, दोष कुणाचा? मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पुस्तकातली विद्या आमच्या वाळूत रुजत नाही, भाऊ." सगळे हसले, हद्दूनं पाठीवर थाप मारली, आणि लाज वाटते सांगायला, मला ती थाप बरी वाटली. बायूदच्या भीतीनं माती भाजली हे कुणीही समजून घेतलं असतं. पण स्वतःची लाज झाकायला पोटच्या पोरीला गावापुढे खोटं पाडलं, त्याला काय म्हणायचं? आणि वर तूच माझी माफी मागितलीस.

हे गुपचूप फक्त तुलाच पत्रानं कळवावं, असं आधी मनात होतं. पण मी तुला ओळखतो. तू हे पत्र फाडलं असतंस, बापाची अब्रू राखायला मुकाट्यानं सही केली असतीस आणि जन्मभर तोंडातून चकार शब्द काढला नसतास. म्हणून इथपर्यंतचं हेच पत्र मी दोनदा लिहिलं. दुसरं आज दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात हद्दूच्या हातात दिलं आणि म्हणालो, मोठ्यानं वाच. तो मजेत वाचायला लागला आणि भट्टीच्या ओळीपाशी येऊन थांबला. मी म्हणालो, पुढे वाच. शेवटपर्यंत वाचलं त्यानं. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. मग तो एवढंच म्हणाला, "गुरुवारी पोर येईल तेव्हा आधी तुझ्या बायकोचे फुटवे बघू." मी पहिल्या ओळीत बसणार आहे. तुझं भिंग घेऊन ये, माझ्याही दोन फुटव्यांची मुळं उकर आणि सगळ्यांना दाखव. त्या कागदावर सही करू नकोस. आणि मला वाचवायला जाऊ नकोस पोरी, आता उशीर झालाय.

तुझाच,
बाबा